तलावाकाठी घर घेताना: जळगावात नव्याने येणाऱ्यांसाठी

बदली होऊन जळगावात आलेला माणूस पहिल्या हिवाळ्यात कधीतरी मेहरूण तलावावर फिरायला जातो. पहाटेचा गारवा, पाण्यावर धुकं, ट्रॅकवर चालणारी मंडळी, शिरसोली रोडच्या बाजूने एकेक टुमदार बंगला. घरी येऊन तो बायकोला म्हणतो, "घ्यायचं तर इथंच." पुढच्या रविवारी एजंटाला चेक देऊन सौदा पावती करून मोकळा होतो.

मी हेच केलं होतं, फक्त मेहरूणऐवजी गिरणेच्या बाजूला. नदीकडून वारा येत होता, प्लॉट कॉर्नरचा होता, भाव परवडणारा होता. ५१ हजारांचा चेक दिला. महिनाभराने झोन दाखला आणि भाग नकाशा (प्लॉट शहराच्या विकास आराखड्यात कुठे पडतो ते सांगणारे कागद) हातात आला, तर प्लॉटचा निम्म्याहून जास्त भाग पूररेषेच्या आत. एजंट म्हणाला, "भाऊ, इतक्या वर्षांत तिथं पाणी आलेलं नाही." सौदा पावतीवर पैसे परत करण्याची अट नव्हती. आठ महिने चकरा मारल्यावर अर्धे पैसे मिळाले, बाकीचे गेले. त्यानंतर दोन वर्षं शोधून घर घेतलं. भुसावळला नोकरीला येणारी नवी मुलं मला घराबद्दल विचारतात, त्यांना जे सांगतो ते इथे क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण शेवटची पायरी पहिल्यांदा चढतात.

आधी अप-डाऊन ठरवा

तुमचं काम कुठे आहे यावर तलावाची कुठली बाजू घ्यायची, किंवा तलाव घ्यायचा की नदी, हे ठरतं. भुसावळचं रेल्वे विभागीय कार्यालय, तिथली आणि वरणगावची आयुध निर्माणी, दीपनगरचं वीज केंद्र इथे जाणारे पुष्कळ जण जळगावात राहून अप-डाऊन करतात. रेल्वेने अंतर साधारण २५ किलोमीटर. गाडीतली वेळ थोडीच असते. खरा वेळ जातो तो घर ते स्टेशन यात. मेहरूणकडून स्टेशनला यायचं म्हणजे वाटेत हायवे आडवा येतो. इच्छादेवी चौक किंवा अजिंठा चौफुली सकाळच्या गर्दीत ओलांडून बघा आणि मगच "दहा मिनिटांवर स्टेशन" या वाक्यावर विश्वास ठेवा.

घर पसंत पडलं की आठवडाभर भाड्याच्या घरातून निघून आधी त्या घरापाशी जा, तिथून घड्याळ लावून स्टेशन गाठा. मासिक पासवर आरक्षित डब्यात बसता येत नाही, त्यामुळे तुमच्या वेळेला पासवाल्यांना चालणाऱ्या गाड्या किती, हे रोज जाणाऱ्या माणसालाच विचारा. प्लॅटफॉर्मवर उभं राहून विचारलं तर लोक आनंदाने सांगतात.

विद्यापीठात नोकरी असेल तर गणित उलटं. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ गिरणेपलीकडे बांभोरीजवळ आहे. त्या मंडळींना निमखेडी, सावखेडा शिवार सोयीचं पडतं, मेहरूण नाही. एमआयडीसीत काम असेल तर मेहरूण उत्तम.

दोन ऋतूंत दोन चकरा

पाण्याकाठचं घर हिवाळ्यात बघून घेऊ नये. निदान दोनदा बघावं: एकदा मे महिन्यात भर दुपारी, एकदा भर पावसात. सहा महिने थांबायला लागलं तरी थांबा, तेवढ्यात भाव काही आभाळाला भिडत नाही.

मे महिन्यात तलाव आटतो, काठ मागे सरतो, चिखल उघडा पडतो आणि त्याचा वास वाऱ्याबरोबर खिडकीत येतो. हा वास तुम्हाला चालेल का, हे तिथे उभं राहूनच कळतं. दुसरी गोष्ट ऊन. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. तलावाचा देखावा पश्चिमेला असलेल्या घराची गॅलरी संध्याकाळी सुंदर दिसते, पण त्या भिंतीला दुपारी चार वाजता तळहात लावून बघा. मी लावला होता. रात्री दहाला त्याच भिंतीला आतून हात लावला, तरी ती तव्यासारखी गरम होती. असं घर घ्यायचंच असेल तर पश्चिमेकडची भिंत किती जाडीची आहे आणि बाहेर झाड किंवा छज्जा आहे का, ते बघा.

पावसाळ्यातली चकर जास्त मोलाची. जोराचा पाऊस उघडल्यावर अर्ध्या तासाने कॉलनीत जा. पाणी कुठून कुठे वाहतंय, कुठल्या कोपऱ्यात साचलंय, कुणाच्या कंपाउंडला हातभर उंचीवर मातकट रेघ आहे, हे सगळं तेव्हाच दिसतं. आणि शेजाऱ्यांशी बोला. माझी मावसबहीण धुळ्याला देवपुरात पांझरेकाठी घर बघत होती. शेजारच्या एक आजी ओट्यावर बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "बेटा, पावसाळामा ये, मंग तुले समजी." ती पावसाळ्यात गेली आणि तिने ते घर घेतलं नाही. नंतर ऑगस्ट २०१९मध्ये पांझरा फुगली तेव्हा काठच्या भागात पाणी शिरलं. पांझरेचा हा स्वभाव जुना आहे, १८७२च्या पुराची नोंद इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्येसुद्धा आहे. भुसावळकडे तापीकाठी घर बघत असाल तर हतनूर धरण लक्षात ठेवा. त्याला ४१ दरवाजे आहेत, आणि ते उघडले की खालच्या काठाला सावधगिरीचा इशारा जातो. मागच्या पावसाळ्यात असा इशारा आला तेव्हा या गल्लीत काय झालं होतं, हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

मेहरूणबाबत आणखी एक. अनंत चतुर्दशीला शहरातले गणपती याच तलावावर येतात. मला तो दिवस फार आवडतो, पण त्या दिवशी तुमची गाडी घरापर्यंत जाणार नाही हे गृहीत धरा.

कागद: इथे घाई केली की सगळं गेलं

शहरात ज्याला आपण अमुक नगर, तमुक पार्क म्हणतो, ते कागदावर कुठेच नसतं. कागदावर असतं मौजे मेहरूण किंवा मौजे निमखेडी, गट नंबर किंवा सर्व्हे नंबर, आणि प्लॉट नंबर. घर बघताक्षणी या तीन गोष्टी लिहून घ्या. एजंट "नंतर देतो" म्हणाला तर पुढे बोलणं थांबवा.

या नंबरांवरून सातबारा काढा. महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. फुकट दिसतो तो फक्त बघण्यापुरता. सिटी सर्व्हे झालेला भाग असेल तर सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका लागते. त्यावर विकणाऱ्याचंच नाव आहे का, इतर हक्कांत बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा आहे का, वारस लावायचे राहिलेत का, हे बघा. बहिणींची नावं कमी केलेला फेरफार, म्हणजे हक्कातल्या बदलाची नोंद, दिसला तर तो फेरफार मागवून नीट वाचा. खान्देशात वडिलोपार्जित जमिनीत बहिणीचा हक्कसोड झाला की नुसतंच नाव गाळलं, यावर पुढची सगळी भांडणं उभी राहतात.

मग बघा "भोगवटादार वर्ग १" आहे की "वर्ग २". वर्ग २ म्हणजे इनाम, वतन, नवीन शर्त असल्या जमिनी, ज्या शासनाच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. आपल्या भागात याहून जपायची गोष्ट आदिवासी जमिनीची. नंदुरबार, शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात नदीकाठी फार्महाऊसचे प्लॉट स्वस्त दाखवले जातात. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे परवानगी लागते. ती नसेल तर व्यवहार टिकत नाही आणि जमीन मूळ मालकाला परत जाऊ शकते. तशी ती जायलाही हवी, कारण तो कायदा त्या माणसाला वाचवण्यासाठी आहे.

यानंतर बिनशेती आदेश (शेतजमीन घरांसाठी वापरण्याची परवानगी) आणि मंजूर लेआउट. गुंठ्यांनी तुकडे पाडून नोटरीवर विकलेला प्लॉट कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. मंजूर लेआउटचा नकाशा घेऊन त्यावर तुमचा प्लॉट, रस्त्यांची रुंदी आणि ओपन स्पेस बोटाने दाखवून घ्या. तलावाकाठच्या लेआउटमध्ये ओपन स्पेस बहुधा पाण्याकडच्या बाजूला काढलेला असतो आणि "हा बगीचा तुमचाच" असं सांगून त्या बाजूचा प्लॉट महाग विकला जातो. बगीचा सगळ्यांचा असतो. त्याच्या कडेला कंपाउंड पुढे सरकवलेलं घर घेतलंत तर अतिक्रमणही तुमच्या नावावर येतं.

आता पूररेषा. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा मागा, नदीकाठ असेल तर पाटबंधारे खात्याच्या पूररेषेचा नकाशाही बघा. त्यावर दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीप्रमाणे नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवं घर बांधता येत नाही. निळी आणि लाल यांच्यामध्ये बांधता येतं, पण जोतं (पायावरचा चौथरा) लाल रेषेच्या पातळीहून ४५ सेंटिमीटर वर घ्यावं लागतं. म्हणजे तिथला प्लॉट घेतला तर भराव आणि जोत्याचा खर्च भावात धरायला हवा. बांधलेलं घर असेल तर त्याचं जोतं खरोखर तेवढं आहे का, हे स्वतःच्या इंजिनिअरकडून लेव्हल लावून तपासा. नजरेने कळत नाही.

यातलं शेवटचं आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे गाव नकाशा. महाभूनकाशावर तुमचा गट उघडा आणि त्यातून नाला जातो का बघा. नाला बुजवून, वर रस्ता करून प्लॉट पाडलेले असतात. पाणी मात्र आपली वाट विसरत नाही. ज्या गल्लीत दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं, तिचा गाव नकाशा काढला तर बहुतेक वेळा तिथे एक वाकडी रेघ सापडते.

हे सगळं जमलं की वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, करून घ्या. बँक तिचा वकील लावते, पण तो बँकेचं कर्ज सुरक्षित आहे का एवढंच बघतो. तुमचा वकील वेगळा हवा. चार-पाच हजार वाचवण्याची ही जागा नाही.

नवी स्कीम असेल तर महारेराचा (बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी क्रमांक मागा. ५०० चौरस मीटरहून मोठी जमीन किंवा आठहून जास्त घरं असली की नोंदणी बंधनकारक आहे. संकेतस्थळावर मंजूर नकाशा, मुदत, किती बुकिंग झालं, खटले आहेत का, सगळं दिसतं. नोंदणीकृत करारनामा होईपर्यंत बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र (घर राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) मागा, बांधकाम परवानगी दाखवून भागत नाही.

काळी माती

मेहरूण एकेकाळी बोरांसाठी नावाजलेलं होतं. मेहरूणची बोरं म्हटली की आजही जुन्या जळगावकरांच्या तोंडाला पाणी सुटतं. त्या बागा आणि शेतं जाऊन वर प्लॉट पडले, पण खालची जमीन तीच आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरचं घर तिच्याबरोबर हलतं. तलावाजवळ ओल जास्त, म्हणून हे हलणंही जास्त.

बंगला किंवा रो-हाऊस बघताना खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणाऱ्या भेगा शोधा. प्लास्टरची केसासारखी रेघ चालते. ज्या भेगेत नाण्याची कड जाते ती चालत नाही. मी घेतलेल्या घरात मागच्या खोलीत अशी एक बारीक रेघ होती. मे महिन्यात तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहिली, मालकांची परवानगी घेऊन. ऑगस्टमध्ये परत गेलो, तेव्हा रेघ खुणांच्या आतच होती. तेव्हा कुठे मन निवलं. घराला नुकताच रंग दिलेला असेल तर जास्त बारकाईने बघा: कपाटामागची भिंत, जिन्याखालची जागा, पार्किंगची फरशी जोत्यापासून सुटलीय का, कंपाउंड कललंय का. भिंतीच्या तळाला पांढरी पूड, म्हणजे लोणा, दिसला तर जमिनीतली ओल वर चढतेय.

स्वतः बांधणार असाल तर पाया मुरूम लागेपर्यंत न्या. मुरूम फार खोल असेल तर इंजिनिअरशी अंडररीम्ड पाइलबद्दल (तळाशी फुगीर असलेले खोल काँक्रीटचे खांब) बोला, काळ्या मातीसाठीच ती पद्धत आहे. घराभोवती तीन फुटांची फरशी उतार देऊन करा, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही.

डोळ्यांपुढे तलाव, नळाला काय?

तलाव समोर आहे म्हणून नळाला पाणी आहे असं नाही. जळगावला पाणी वाघूर धरणातून येतं. किती दिवसांआड येतं, कुठल्या वेळेला येतं, दाब किती असतो, जमिनीखालची टाकी किती लिटरची आहे, हे गल्लीतल्या वहिनींना विचारा. पुरुषांना बहुधा ठाऊक नसतं. बोअर असेल तर मे महिन्यात चालू करून बघा आणि पाण्याचे क्षार तपासून घ्या. ड्रेनेज लाईन जोडलेली आहे की सेप्टिक टँक आहे, हेही विचारा. सखल भागात पावसाळ्यात भूजल वर आलं की सेप्टिक टँक भरून उलटा येतो.

पैशांचा हिशोब

समजा ६५ लाखांचं तयार रो-हाऊस महापालिका हद्दीत घेताय. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते, म्हणजे जास्तीत जास्त ५२ लाख. १३ लाख तुमचे. मुद्रांक शुल्क ५ टक्के आणि अधिभार १ टक्का मिळून ३ लाख ९० हजार, नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार. हे खर्च बँक कर्जात धरत नाही. म्हणजे हातात १७ लाख २० हजार हवेतच, वकील, इंजिनिअर, एजंटाची दलाली आणि किरकोळ डागडुजी वेगळी. मुद्रांक शुल्क सौद्याची किंमत आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला त्या भागातला दर) यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर लागतं.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, या हिशोबात ६५ हजार रुपये. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत जाते. नवरा सहकर्जदार राहू शकतो, पण मालकी नसल्याने हप्त्यावरची आयकर सवलत त्याला मिळत नाही. दोन्ही आकडे मांडून ठरवा. माझ्या मते घर बायकोच्या नावावर असणं यात पैशांपलीकडचाही फायदा आहे, आणि मी तसंच केलं.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशांतून आधीच कापायचा आयकर) कापून सरकारात भरणं ही घेणाऱ्याची जबाबदारी आहे. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो: साधारण ५ टक्के, आणि ४५ लाखांपर्यंतच्या, ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्राच्या घराला १ टक्का. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर विकलेल्या घरावर लागत नाही.

"थोडे वरचे रोख द्या" असं कुणी म्हटलं तर नकार द्या. २० हजार किंवा जास्त रकमेचा इसार (सौद्याची आगाऊ रक्कम) रोखीत घेणं कायद्यात बसत नाही, आणि रोख दिलेल्या पैशांवर कर्ज मिळत नाही, पुरावाही राहत नाही.

सौदा पावतीवर हे लिहून घ्या

सौदा पावतीवर तीन ओळी हव्यात. एक, शोध अहवाल, झोन दाखला किंवा पूररेषेत अडचण निघाली तर इसार इतक्या दिवसांत पूर्ण परत. दोन, बँकेने कर्ज नाकारलं तरी परत. तीन, खरेदीखताची शेवटची तारीख. या ओळी लिहायला जो मालक तयार होत नाही त्याच्या घरात काहीतरी आहे, असं समजून उठा. माझ्या पावतीवर पहिली ओळ असती तर माझे पैसे वाचले असते.

मग साठेखत (विक्रीचा करार), मोजणी, खरेदीखत. मोजणी मालकाकडून करून घ्या आणि "क" प्रतीवरच्या (मोजणीच्या नकाशावरच्या) चतुःसीमा खरेदीखतात जशाच्या तशा उतरवा. पूर्वेला तलाव असं लिहिलेलं असेल तर थांबा: तुमची हद्द आणि पाणी यांच्यामध्ये रस्ता किंवा शासकीय जागा असते, तिचं नाव हवं. दुय्यम निबंधकाकडे जाताना दोन साक्षीदार, आधार, पॅन, चलन. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदणी व्हायला हवी, पण सही आणि नोंदणी एकाच दिवशी केलेली बरी.

नोंदणीनंतर

सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदणीचा उतारा, घरी आणली की काम संपलं असं वाटतं. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर फेरफार मंजूर होऊन नाव लागेपर्यंत तलाठी किंवा भूमी अभिलेख कार्यालयाचा पाठपुरावा करा. घरपट्टी, पाणीपट्टी, महावितरणचं मीटर यांवर नाव बदलून घ्या, जुन्या मालकाची थकबाकी शून्य असल्याची पावती आधीच मागून ठेवा. गृहविमा घेताना पुराचं संरक्षण त्यात आहे का, ते पॉलिसीत वाचून बघा.

राहायला आल्यावर मृगाच्या आधी एक रविवार काढा. कंपाउंडच्या बाहेरची गटार उपसून घ्या, गच्चीचे पाइप मोकळे करा, आणि पहिला जोराचा पाऊस पडेल तेव्हा छत्री घेऊन बाहेर उभं राहून पाणी कुठून वाहतंय ते मोबाइलवर टिपून ठेवा. पुढच्या वर्षी शेजारी भराव टाकून तुमच्याकडे पाणी वळवू लागला, तर महापालिकेत दाखवायला तेच चित्रण कामी येईल.